गणित सुटतं, पण मोटर का फिरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ओहमचा नियम, किर्खोफ, थेवेनिन सगळं शिकवून झालंय, गणितं सुटतात, मार्कही बरे पडतात. पण घरी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ८.२ के (किलोओहम) आणि १० के असे दोन रेझिस्टर लावून ५ व्होल्ट काढले, मीटरवर ४.९२ दिसले, त्यावर खेळण्यातली मोटर जोडली, तर ती हललीसुद्धा नाही. दुसरं, अर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला बटण जोडलं तर ते न दाबताच एलईडी लागतो आणि हात जवळ नेला की लुकलुकतो. 'मग आम्ही शिकतोय ते नेमकं काय? की सरळ कोडिंगकडे वळावं?' असं विचारलंय.

कोडिंगचं नंतर बघू. तुमची दोन्ही सर्किटं एकाच कारणानं फसली आहेत आणि ते कारण तुमच्या अभ्यासक्रमात आहे. पुस्तकातल्या आकृतीत जेवढ्या रेघा काढल्या तेवढंच सर्किट असतं. टेबलावर तसं नसतं. तिथे जे जोडाल ते सर्किटाचा भाग होतं, आणि जे जोडायचं राहून गेलं त्याचाही परिणाम होतो. मोटरच्या वेळी तुम्ही जोडलेली वस्तू हिशेबात धरली नाही, बटणाच्या वेळी न जोडलेली.

मोटरपासून सुरू करू. ८.२ के वर आणि १० के खाली, म्हणजे मधल्या बिंदूला ९ × १० ÷ १८.२ = ४.९४५ व्होल्ट. हिशेब बरोबर आहे. आता एक साधा प्रश्न विचारा: या बिंदूतून जास्तीत जास्त करंट किती निघेल? तो बिंदू थेट ग्राउंडला (इथे बॅटरीचं ऋण टोक) टेकवला तरी वाटेत ८२०० ओहम उभे आहेतच. ९ ÷ ८२०० म्हणजे १.१ मिलिअँपिअर. खेळण्यातली छोटी मोटर मोकळी फिरतानाच शे-दीडशे मिलिअँपिअर सहज मागते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. थांबलेल्या मोटरची वाइंडिंग ५ ओहमची धरली, तर १० केच्या समांतर ५ ओहम म्हणजे जवळपास ५ ओहमच. त्यामुळे मोटरवर उरतात साडेपाच मिलिव्होल्ट. मोटर जोडलेली असतानाच मीटर लावून बघा, असाच काहीतरी आकडा दिसेल. तुम्ही मोजलेले ४.९२ व्होल्ट खरे होते, पण ते मोटर नसतानाचे होते.

थेवेनिनचं प्रमेय याच कामासाठी आहे. कॉलेजात ते 'अमुक रेझिस्टर काढा, व्होल्टेज काढा, सोर्स शॉर्ट करा, रेझिस्टन्स काढा' अशा पायऱ्यांनी शिकवतात आणि सात मार्कांचं गणित सुटलं की विषय संपतो. थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला अभियंता होता आणि हे प्रमेय त्यानं १८८३ साली मांडलं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: सोर्स आणि रेझिस्टरचं कितीही गुंतागुंतीचं जाळं असो, बाहेरून बघणाऱ्याला ते एक बॅटरी आणि तिच्या मागे उभा असलेला एक रेझिस्टर एवढंच दिसतं. तुमच्या डिव्हायडरची (व्होल्टेज वाटून घेणाऱ्या त्या दोन रेझिस्टरांची) बॅटरी ४.९४५ व्होल्टची आणि मागचा रेझिस्टर ८.२ के व १० के समांतर, म्हणजे साधारण ४.५ के. या ४.५ केच्या पुढे १ केचं लोड (करंट घेणारी वस्तू) लावलं तर त्यावर ४.९४५ × १ ÷ ५.५, म्हणजे ०.९ व्होल्ट. १०० केचं लावलं तर ४.७३. मोटरचं काय होतं ते वर आलंच. पहिल्या वर्षातलं एकच प्रकरण हाताशी ठेवायचं असेल तर मी हे ठेवीन. स्टार-डेल्टा रूपांतर त्या मानानं सुरुवातीला फार क्वचित लागतं, ते थ्री फेजला गेल्यावर कामाला येतं.

आता स्वाभाविक वाटणारा उपाय म्हणजे रेझिस्टर लहान घेणं. ८.२ ओहम आणि १० ओहम घेतले तर मागचा रेझिस्टन्स ४.५ ओहमवर येईल, पण मोटर नसतानाही डिव्हायडर स्वतःच अर्धा अँपिअर ओढत राहील. ८.२ ओहमवर २ वॅट आणि १० ओहमवर जवळजवळ अडीच वॅट उष्णता. तुमच्याकडचे रेझिस्टर पाव वॅटचे. धूर येईल, आणि त्या चौकोनी बॅटरीचं व्होल्टेज अर्धा अँपिअर देताना आधीच घसरेल, कारण तिच्याही पोटात रेझिस्टन्स आहे. मोटर चालवायची तर पेन्सिल सेलचा चारचा होल्डर घ्या, ६ व्होल्ट मिळतात आणि करंटही. नेमके ५ व्होल्टच हवेत तर ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर धरून ठेवणारी चिप) लावा. छापील बाजू समोर धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पायाजवळ. इनपुट निदान ७ व्होल्ट हवं. ९ व्होल्टवरून २०० मिलिअँपिअर घेतले तर (९ − ५) × ०.२ = ०.८ वॅट त्याच्या अंगावर तापतात, तेवढं तो हीट सिंकशिवाय (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) सोसतो.

याचा अर्थ डिव्हायडर वाईट, असा घेऊ नका. हाच ८.२ के-१० केचा मधला बिंदू अर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनला लावा, बॅटरीचं व्होल्टेज तो उत्तम मोजून देईल. उनोवरच्या एटमेगा ३२८ पी या चिपच्या पिनचा गळती करंट जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर आहे, ४.५ केवर तो ४.५ मिलिव्होल्टचा फरक पाडतो. शिवाय मागचा रेझिस्टन्स १० केच्या आत ठेवा असं त्या चिपची डेटाशीट सांगते, तेही पाळलं जातं. तेच दोन रेझिस्टर मोटरला नालायक आणि पिनला चोख. पुढे काय जोडणार आहात यावर सगळं ठरतं.

बटणाकडे येऊ. तुमच्या जोडणीत बटणाची एक बाजू ५ व्होल्टला आणि दुसरी पिनला असणार, मधे दुसरं काही नाही. बटण दाबलं की पिनला ५ व्होल्ट मिळतात, ठीक. सोडल्यावर काय मिळतं? बहुतेक मुलं म्हणतात, शून्य. पण शून्य व्होल्ट म्हणजे ग्राउंडशी जोडलेलं असणं, आणि तुम्ही पिन ग्राउंडला जोडलेलीच नाही. ती तरंगते आहे. थेवेनिनच्या भाषेत, तिच्या मागचा रेझिस्टन्स जवळजवळ अनंत आहे. अशा पिनला भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा विद्युतक्षेत्रातून येणारा नगण्य करंटही पुरतो. तुमचा हात त्या क्षेत्राला वाट करून देतो, म्हणून हात जवळ नेला की एलईडी लुकलुकतो.

उपाय म्हणजे पिनला कुठेतरी हलकेच बांधून ठेवणं. पिन ते ५ व्होल्ट १० केचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, नारिंगी), आणि बटण पिन ते ग्राउंड. बटण मोकळं असताना १० केवर गळतीचा १ मायक्रोअँपिअर धरला तरी १० मिलिव्होल्टच पडतात, म्हणजे पिनला ४.९९ व्होल्ट, स्वच्छ १. दाबलं की थेट ग्राउंड, स्वच्छ ०, आणि रेझिस्टरमधून जाणारा अर्धा मिलिअँपिअर कुणाला जड नाही. १० के ऐवजी १०० ओहम घातलात तर दर दाबण्याला ५० मिलिअँपिअर वाया, १० मेगओहम घातलात तर पुन्हा तरंगल्यासारखंच. उनोच्या पिनांत २० ते ५० केचा पुल-अप (पिनला ५ व्होल्टशी बांधणारा असाच रेझिस्टर) आतच असतो, प्रोग्राममध्ये 'इनपुट पुलअप' लिहिलं की तो चालू होतो. मग बाहेरचा रेझिस्टर नको. फक्त दाबलं की ० आणि सोडलं की १ असा उलटा अर्थ ध्यानात ठेवा. इथे हमखास गडबड होते.

चार पायांच्या छोट्या बटणाचीही एक खोडी आहे. त्याचे पाय दोन-दोन आतून जोडलेले असतात. चुकीचे दोन पाय घेतलेत तर बटण कायम दाबलेलंच. नेहमी तिरके समोरासमोरचे दोन पाय घ्या, चूक होणारच नाही. आणि एकदा दाबल्यावर मोजणी तीन-चारनं वाढत असेल तर तुमचा प्रोग्राम निर्दोष आहे, पत्री संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो. पहिला बदल दिसला की २० ते ५० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचा.

कॉलेजच्या लॅबमुळे या बाबतीत एक गैरसमज पक्का होतो. बऱ्याच ट्रेनर किटांवर ७४ एलएस मालिकेतल्या टीटीएल चिपा असतात. त्यांचं मोकळं इनपुट आतल्या रचनेमुळे १ असल्यासारखं वागतं. मुलं जर्नलमध्ये लिहून मोकळी होतात की मोकळं म्हणजे १. मग घरी ७४ एचसी मालिकेतली सीमॉस चिप आणतात आणि सत्यसारणी जुळत नाही. सीमॉसचं मोकळं इनपुट मनाला येईल ते दाखवतं, आणि ते अधल्यामधल्या व्होल्टेजला अडकलं तर चिप उगाच करंटही ओढते. ७४ एचसी ०० मध्ये चार नँड गेट (सगळी इनपुटं १ असतील तरच ० देणारी) असतात. एकच वापरत असाल तर उरलेल्या तिघांची इनपुटं ग्राउंडला बांधा. आउटपुटं मोकळी सोडा, ती बांधायची नसतात. ७ नंबरला ग्राउंड, १४ नंबरला ५ व्होल्ट, आणि या दोन पायांमध्ये शक्य तितक्या जवळ '१०४' छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. तो आकृतीत क्वचितच काढलेला असतो.

पुढची पायरी म्हणजे अर्डुइनोनं मोटर चालू-बंद करणं. पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत घ्यावेत, ४० ही शेवटची मर्यादा आहे, त्यामुळे मोटर थेट पिनला लावायची नाही. नवशिके बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घेतात, पण त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. ५ व्होल्टच्या रिलेची (कॉइलनं चालणाऱ्या स्विचची) ७० ओहमची कॉइल त्यावर चालेल (७१ मिलिअँपिअर, बेसला १ के), मोटर नाही. मोटरला मॉसफेट (गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजनं चालू होणारा ट्रान्झिस्टर) घ्या, आणि दुकानात नाव नीट सांगा. आयआरएफझेड ४४ एन पूर्ण चालू व्हायला गेटला १० व्होल्ट लागतात, आयआरएलझेड ४४ एन ५ व्होल्टवर चालू होतो. एका अक्षराच्या फरकानं मोटर मंद फिरते आणि मॉसफेट तापतो. गेट ते ग्राउंड १० के, कारण अर्डुइनो सुरू होईपर्यंत गेटही तरंगत असतो, बटणाच्या पिनसारखाच. मोटरच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) उलटा, पट्टीची बाजू धन टोकाकडे. तो नसेल तर मोटर बंद होताना वाइंडिंगमधला करंट वाट शोधत मॉसफेट फोडतो.

आणि मोटरची बॅटरी वेगळी, अर्डुइनो यूएसबीवर, असं असेल तर दोघांचे ऋण टोक एकमेकांना जोडा. ही एक तार राहून गेल्यामुळे न चाललेली प्रोजेक्ट्स दर वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दिसतात. व्होल्टेज हे नेहमी दोन बिंदूंमधलं असतं. 'पिनला ५ व्होल्ट आहेत' हे वाक्य अर्धंच, कशाच्या तुलनेत ते सांगितलं की पूर्ण होतं. किर्खोफचा करंटचा नियमही हेच सांगतो: जेवढा करंट गेला तेवढा परत यायला हवा, आणि परतीची तारच नसेल तर जायचाही नाही.

मीटरबद्दल थोडं, कारण त्याशिवाय वरचं काहीच दिसत नाही. व्होल्टेज समांतर मोजायचं, करंट मालिकेत, रेझिस्टन्स सप्लाय बंद करून आणि रेझिस्टरचा एक पाय सर्किटातून उचलून. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातच राहिली आणि पुढचं व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे एक जाड तार, बॅटरी सरळ शॉर्ट. बऱ्याच स्वस्त मीटरांत त्या भोकाला फ्यूजही नसतो. चिप चालत नसेल तर ५ व्होल्ट आहेत का ते ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या बोर्डाच्या) रेषेवर मोजू नका, चिपच्या पायालाच प्रोब टेकवा. लांब ब्रेडबोर्डच्या काही जातींत लाल-निळ्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात आणि अर्धा बोर्ड उपाशी राहतो.

कॉम्प्युटरची बाजूही याला जोडूनच आहे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनननं १९३७ सालच्या आपल्या एमआयटीतल्या प्रबंधात रिलेंच्या जाळ्यांना बूलचं बीजगणित (खरं-खोटं, म्हणजे १ आणि ० चं गणित) लागू होतं हे दाखवलं, तिथून सर्किट आणि तर्क एकाच पानावर आले. नवशिक्यानं इथे गेट, फ्लिप-फ्लॉप, काउंटर आणि बायनरी आकडे एवढं हातानं करावं. चार व्हेरिएबलचा के-मॅप (तर्काचं समीकरण लहान करायचा तक्ता) परीक्षेपुरता चोख करा, पुढे ते काम सॉफ्टवेअर करतं. पण आकड्याला किती जागा आहे ही जाण मात्र आयुष्यभर लागते. उनोवर 'इंट' हा प्रकार १६ बिटांचा, म्हणजे −३२७६८ ते ३२७६७. त्यात मिलिसेकंदांची वेळ साठवलीत तर प्रोग्राम ३२ सेकंद छान चालतो आणि ३३ व्या सेकंदाला वेळ ऋण होते. माणसं तासन्‌तास वायरी हलवत बसतात. तिथे 'अनसाइन्ड लाँग' घ्या, ३२ बिटांत सुमारे ४९.७ दिवस मावतात. तोच प्रोग्राम ईएसपी ३२ वर टाकला तर हा दोष दिसतच नाही, कारण तिथे इंट ३२ बिटांचा आहे. मात्र त्या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना ५ व्होल्ट लावायचे नाहीत. उलट दिशेलाही घोळ आहे: ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४ एचसी चिपला १ म्हणायला निदान ३.५ व्होल्ट लागतात, ३.३ कधी कळतात कधी नाही. तिथे ७४ एचसीटी घ्यावी, तिला २ व्होल्ट पुरतात.

एसीचा भाग कागदावर नीट करा, पण ब्रेडबोर्डवर मेन्स आणू नका. घरातले २३० व्होल्ट हा आरएमएस आकडा (तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतका) आहे, शिखर ३२५ ला जातं. २५० व्होल्टचा कपॅसिटर 'चालेल की' म्हणून लावणाऱ्याला हा फरक आवाजानं कळतो.

कोडिंगकडे वळावं का, हे तुमच्या शाखेवर आणि ओढीवर आहे. कॉम्प्युटर शाखेत असाल आणि हे एकाच सत्राचं ओझं वाटत असेल, तर थेवेनिन, पुल-अप, आरएमएस आणि बायनरी एवढं पक्कं करून खुशाल पुढे जा. इलेक्ट्रिकल किंवा ईअँडटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) असाल तर दोन्ही सोबत चालतं, वर दिसलंच की ३३ व्या सेकंदाचा दोष कोडमधला होता आणि तरंगत्या पिनचा तारेतला, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कॉलेजची लॅब आठवड्यातून दोन तास मिळत असेल तर स्वतःचं मीटर आणि ब्रेडबोर्ड असण्यानं सगळ्यात जास्त फरक पडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इतरत्र ऑनलाइन. रेझिस्टर २२० ओहम, १ के, १० के, १०० के, ८२० के, १ मेगचे दहा-दहा घ्या. ट्रान्झिस्टर घेताना नुसता आकार बघू नका: सपाट बाजू समोर धरली तर बीसी ५४७ चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असतात आणि प्लास्टिकच्या पीएन २२२२ चे बरोबर उलटे.

साहित्य आलं की पहिला प्रयोग हा करा. आधी बॅटरी मोजा, ती ९ व्होल्ट धरू. मग तुमचाच डिव्हायडर, पण वर ८२० के आणि खाली १ मेगओहम. कागदावर उत्तर तेच, ४.९४५. मीटर लावा. स्वस्त मीटर असेल तर ३.४ च्या आसपास दाखवेल, बऱ्यापैकी असेल तर ४.७. कारण मीटरही एक लोड आहे, आणि आधी ४.९४५ ऐवजी ४.९२ दिसले ते त्यामुळेच. डिव्हायडरच्या मागचा रेझिस्टन्स आता सुमारे ४५० के आहे. तो आणि दिसलेला आकडा घेऊन मीटरचा आतला रेझिस्टन्स काढा, १ मेगओहम येतो की १० ते बघा, आणि मीटरच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा.